पंढरीचे दार : एक अनुभव, अनेक श्रद्धा

१)
माणूस आस्तिक का होतो किंवा नास्तिक का होतो, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा एका वाक्यात देऊन मोकळे होतो. आस्तिकाबद्दल म्हणतो, संकट आले म्हणून त्याने देवाला धरले. नास्तिकाबद्दल म्हणतो, संकटात देव धावला नाही म्हणून तो रुसला. दोन्ही उत्तरांत कारण एकच आहे : संकट. एकाच कारणातून दोन विरुद्ध परिणाम निघत असतील, तर ते कारण पुरेसे नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. मग आणखी काय हवे असते? या थ्रेडमध्ये या प्रश्नाचा माग आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका दारापाशी काढू. ते दार आहे पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे.

२)
हेच दार का? इतिहासाच्या अभ्यासकाला प्रयोगशाळा नसते. शंभर माणसांना एकच अनुभव देऊन त्यांच्या श्रद्धेचे काय होते, हे त्याला पाहता येत नाही. क्वचित मात्र भूतकाळच अशी मांडणी करून ठेवतो. पंढरपूरच्या दाराने कित्येक शतके असंख्य माणसांना एकच गोष्ट सांगितली : तुम्ही इथपर्यंत या, पुढे येऊ नका. ऐकणारी माणसे वेगवेगळ्या काळातली होती, काही तर एकाच घरातली होती. ऐकून प्रत्येकाने काढलेला अर्थ मात्र निराळा होता.

३)
जगाच्या इतिहासातले एक उदाहरण आधी पाहू, म्हणजे प्रश्न नीट दिसेल. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालमधले लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तो ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा सण होता आणि लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. व्होल्तेरने त्यावर कविता लिहिली आणि ‘जे घडते ते अखेर भल्यासाठीच’ या विचाराची लक्तरे काढली. १७५६ साली रूसोने त्याला पत्र लिहून ईश्वरी योजनेवरचा आपला विश्वास सोडण्यास नकार दिला. दोघांपुढे एकच भूकंप होता. दोघेही फ्रेंच भाषेत लिहिणारे, एकाच युगातले विचारवंत होते. तरीही निष्कर्ष दोन निघाले.

४)
आता पंढरपूर. मंदिराच्या पूर्वेकडच्या महाद्वाराशी नामदेव पायरी आहे. वारकरी तिच्यावर पाय न ठेवता तिला हात लावून पुढे जातो. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. चोखामेळा पंढरपूरपासून जवळच असलेल्या मंगळवेढ्याचे. जातीने महार, म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेत अस्पृश्य. काळ साधारण तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याचा पूर्वार्ध. नामदेवांना ते गुरू मानत. मंदिराच्या आत जाण्याची त्यांना मुभा नव्हती. आयुष्यभर ज्या दारापाशी थांबावे लागले, त्याच दारासमोर त्यांची समाधी आहे. त्या एका जागेवर पुढची सहा शतके उभी आहेत.

५)
साधनांविषयी एक सावधगिरी बाळगू. चोखोबा आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या नावावरचे अभंग दीर्घकाळ गायनातून आणि वह्यांतून चालत आले. प्रत्येक अभंग त्याच व्यक्तीचा, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा, म्हणजे चोखोबांनंतर चार शतकांहून अधिक काळाने लिहिलेला. म्हणून या अभंगांकडे दैनंदिनी म्हणून पाहू नये. एका घराच्या नावाने समाजाने जपलेल्या अनुभवांचा तो साठा आहे. तेवढ्या मर्यादेतही तो असामान्य आहे, कारण मध्ययुगातल्या अस्पृश्य कुटुंबाचा इतका विस्तृत आवाज भारतात फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो.

६)
चोखोबांच्या अभंगांत एकच सूर नाही. काही अभंगांत ते विठ्ठलाच्या रूपात बुडालेले दिसतात. काही ठिकाणी बाह्य रूप आणि आतला भाव यांतला फरक दाखवून, बाहेरच्या आवरणाला काय भुलता, असे विचारतात. काही अभंगांत मात्र आपल्या जन्माचे कारण ते पूर्वजन्मीच्या कर्मात शोधतात, म्हणजे ज्या व्यवस्थेने बाहेर ठेवले तिचेच स्पष्टीकरण स्वीकारतात. आजच्या वाचकाला ही विसंगती वाटेल. पण माणूस रोज एकाच दारावर अडवला जात असेल, तर त्याच्या मनात प्रश्न, प्रेम आणि समजूत ही तिन्ही एकत्र नांदणे मला स्वाभाविक वाटते. श्रद्धा ही एकदाच घेतलेली भूमिका नसते. ती रोजची वाटाघाट असते.

७)
आख्यायिका पाहा. चोखोबांना आत जाता येत नाही, म्हणून विठ्ठल स्वतः बाहेर येतो, त्यांच्या घरी जेवतो. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांपाशी सापडतो आणि त्यांना मार बसतो. या कथेत अन्यायाचे उत्तर कसे दिले आहे, ते लक्षात घ्या. दार उघडत नाही, देवच दार ओलांडतो. बाहेरच्याला यातून विलक्षण धीर मिळतो : देव माझा आहे, तो अडवणाऱ्यांचा नाही. पण याच कथेने आतल्यांचीही सोय होते. देव बाहेर जातोच आहे, तर दार उघडण्याची घाई कशाला? एकच कथा दिलासाही देते आणि व्यवस्थाही टिकवते.

८)
आता त्याच घरातले इतर आवाज. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा पती बंका आणि मुलगा कर्ममेळा, सर्वांच्या नावावर अभंग आहेत. सोयराबाईंचा प्रश्न थेट देहापाशी जातो. विटाळ म्हणता, तर विटाळाशिवाय कोणता देह जन्माला आला? सगळ्यांचा उगम तिथेच असेल, तर शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण? शुद्धाशुद्धतेचे नियम जिच्यावर दुहेरी लादले जात होते, एकदा जातीमुळे आणि एकदा बाईपणामुळे, तिलाच हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने सुचावा, हा योगायोग नसावा. तिने विठ्ठलाला सोडले नाही. विठ्ठलाच्या नावाने उभारलेल्या नियमांतली विसंगती मात्र तिने उघडी पाडली.

९)
मुलाचा, कर्ममेळ्याचा, सूर सर्वांत कडवट आहे. तो देवाशी भांडतो. आम्हाला या जातीत घातलेस कशाला, जन्मभर उष्टे खाऊन जगायला लावताना तुला लाज कशी वाटत नाही, असा त्याचा रोख आहे. वडिलांनी जिथे पूर्वकर्माचा आधार घेतला, तिथे मुलगा थेट देवाला जबाबदार धरतो. ही नास्तिकता नाही, कारण भांडायला समोर कोणीतरी असावे लागते. पण ही निमूट भक्तीही नाही. एक घर, एक जात, एक गाव, एक दार. तरी बाप समजूत काढतो, आई तर्क करते आणि मुलगा जाब विचारतो.

१०)
बाप आणि मुलगा यांच्यात हा फरक का? याचे निर्णायक उत्तर साधनांत नाही, म्हणून माझे वाचन वाचन म्हणूनच मांडतो. चोखोबांना नामदेवांची सोबत होती. वाळवंटातल्या कीर्तनात त्यांच्या शब्दाला मोल होते. दाराने नाकारले, पण संतमेळ्याने स्वीकारले. कर्ममेळ्याच्या अभंगांत अपमानाची नोंद ठळक आहे, तशी या सोबतीची ऊब जाणवत नाही. श्रद्धा टिकवण्याचे काम देवापेक्षा सोबतीच करत असतील का, असा प्रश्न इथे मनात येतो. हा धागा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

११)
परंपरेनुसार शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा दगावले. गावाच्या ज्या कुसाबाहेर त्यांनी राहायचे, तेच बांधताना मरण आले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ‘त्यांनी दुसरा पंथ का धरला नाही?’ असे काही जण सहज विचारतात. या परिसरात तेव्हा महानुभाव होते, लिंगायत होते, सूफी परंपराही रुजू लागली होती. पण गावकीची कामे आणि त्यांवर मिळणारी भाकरी जातीला बांधलेली होती. देव बदलल्याने ते काम सुटणार नव्हते.

१२)
समाधीपर्यंत तरी मुक्तपणे येता येत होते का? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली पेशवाईतली एक नोंद सांगते की चोखोबांच्या समाधीजवळची जागा अरुंद आहे, तिथे स्पर्श होतो अशी तक्रार झाली. त्यावर महारांनी तिथल्या दीपमाळेपाशी किंवा जवळच्या महारवाड्यातून पूजा करावी, असे फर्मावले गेले. म्हणजे ज्या संताला दाराबाहेर थांबवले, त्याच्या समाधीपासूनही त्याच्या जातभाईंना आणखी लांब सरकवले गेले. आख्यायिकेतला विठ्ठल दार ओलांडत होता. कागदोपत्री मात्र सीमारेषा बाहेर बाहेर सरकत होती.

१३)
विसावे शतक उजाडले तेव्हा या अनुभवाला नवी साधने मिळाली : छापखाना, शाळा, सभा, कायदा. नागपूरच्या किसन फागू बनसोडे यांनी चोखोबांचे नाव समाजजागृतीच्या अग्रभागी ठेवले. आपली परंपरा उज्ज्वल आहे, तिच्या बळावर हक्क मागू, हा त्यांचा मार्ग होता. १९३५ नंतर धर्मांतराची चर्चा सुरू झाली तेव्हा ते त्या बाजूला गेले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘काळ बदलला की श्रद्धा आपोआप बदलते’ हेही उत्तर अपुरे आहे. बनसोडे आणि डॉ. आंबेडकर समकालीन होते, दोघांनी अस्पृश्यता भोगली होती, दोघांच्या हाती लेखणी होती. तरी वाटा वेगळ्या झाल्या.

१४)
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण नास्तिक घरात गेले नाही. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात नित्य भजन होई आणि मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जाई. बाबासाहेबांनी पुढे लिहिले आहे की त्यांनी वडिलांना विचारले, या ग्रंथांत आपल्यासारख्यांना हीन लेखले असताना ते आपण का वाचायचे? वडिलांचे म्हणणे असे की न्यूनगंड जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून मोठे झाले, हे मुलांनी पाहावे. मुलाचे समाधान झाले नाही. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या घरात श्रद्धा होती आणि तिला प्रश्न विचारण्याची मोकळीकही होती.

१५)
घराबाहेरचा अनुभव वेगळा होता. १९०१ साली रामजी खटाव भागातल्या गोरेगाव येथे नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. चांगले कपडे घातलेल्या या मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे. वाटेत रात्रभर पाणी मिळाले नाही. या प्रवासाने आपल्या मनावर कायमचा ठसा उमटवला, असे बाबासाहेबांनी पुढे आत्मकथनात लिहिले. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.

१६)
आता पंढरपूरकडे परत येऊ. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या आणि पंढरपूरला जाण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. अस्पृश्य म्हणून लांबूनच दर्शन घ्यावे लागेल, हे बाबासाहेबांना सहन होण्यासारखे नव्हते. जे पंढरपूर आपल्या भक्तांना देवाच्या दर्शनापासून दूर ठेवते त्याचे काय करायचे, आपण आपल्या सदाचाराने आणि सेवेने दुसरे पंढरपूर उभे करू, अशा आशयाची त्यांनी समजूत घातली. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पंढरपूर घडले नाही.

१७)
हा प्रसंग आपल्यापर्यंत पतीच्या चरित्रातून पोहोचतो. त्यामुळे रमाबाईंची बाजू आपणच विचारपूर्वक वाचायला हवी. त्यांनीही तेच भोगले होते : तीच जात, तीच गरिबी आणि त्यावर चार अपत्यांचे मृत्यू. बाबासाहेबांना त्या दारात अपमान दिसला. रमाबाईंना त्याच दारामागे भेटीची आशा दिसली असावी. लांबून का होईना, पण दर्शन. एकाच छताखाली, एकाच दुःखात, दोन माणसे देवाकडून दोन वेगळ्या गोष्टी मागत होती. यात एक जागृत आणि दुसरी भाबडी, असा निवाडा करणे सोपे आहे. मला तो अन्यायकारक वाटतो.

१८)
१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. प्रत्यक्ष दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे रागाची नाहीत, तपासणीची आहेत. त्यातला एक टप्पा आमच्या सोलापुरात घडला. १ जानेवारी १९३८ रोजी इथल्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी सांगितले की धर्मसंस्थापकांत आपल्याला बुद्ध आणि ख्रिस्त ही दोन व्यक्तिमत्त्वे ओढून घेतात. त्याच भाषणात दक्षिणेकडच्या चर्चमध्ये जात शिल्लक आहे, हेही त्यांनी यजमानांसमोर सांगितले. आतला माणूस कसा वागवला जातो, यावर ते धर्म पारखत होते. मसूरच्या गाडीतला मुलगा या कसोटीत स्पष्ट दिसतो.

१९)
दाराशी येऊनही आत न जाणारा आणखी एक माणूस होता : गाडगे महाराज. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी. देवाच्या नावाने चालणाऱ्या बकऱ्या-दारूच्या जेवणावळी आणि वडिलांचे व्यसन यांनी घर कसे बसते, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. पुढे ते वारीला पंढरपुरात येत, रस्ते झाडत, कीर्तन करत, पण दर्शनासाठी देवळात जात नसत. ज्यांना पंढरपुरात कोणी उतरू देत नसे त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्यांचा देव भुकेल्यात, उघड्यात होता. त्या देवाला भेटायला दाराची गरजच नव्हती.

२०)
आणि एक माणूस असा, ज्याच्यासाठी दार जन्मापासून उघडे होते. साने गुरुजी, जन्म १८९९, कोकणातले पालगड, ब्राह्मण घर. ‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे : एका म्हाताऱ्या महार स्त्रीची मोळी खाली पडते आणि आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. संतांची वाणी आणि आईची शिकवण यांतून त्यांचा देव घडला. तो सर्वांचा असल्याचे त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. म्हणून बंद दार पाहून त्यांची श्रद्धा डळमळली नाही, ती बेचैन झाली. आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी जनमत जागवले. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

२१)
चोखोबांनंतर सहा शतकांनी दार उघडले. पण ज्यांच्यासाठी ते उघडले, त्यांतले कितीतरी तोवर तिथे थांबलेच नव्हते. बाबासाहेबांनी १९३४ सालीच सहकाऱ्याला कळवले होते की मंदिरप्रवेशाची चळवळ आपण मूर्तिपूजेसाठी काढली नव्हती, ती समाजाला जागे करण्यासाठी होती. १९५६ नंतर अनेक घरांतून वारी थांबली. काही घरांतून ती आजही चालू आहे. दोन्ही घरे त्याच अनुभवाची वारस आहेत. या क्रमात एक बोच आहे, ती पुसू नये. उशिरा दिलेला न्याय कधीकधी रिकाम्या उंबऱ्याला दिला जातो.

२२)
तरी नाते तुटले का? १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला : नंदनार, रविदास आणि चोखामेळा. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या बुद्धविहारात बोलताना त्यांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे मत मांडले आणि ते सिद्ध करण्याचा मनोदय सांगितला. ते मत अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे स्वीकारलेले नाही. पण त्यामागचे मन पाहा. रमाबाईंना पंढरपूर नाकारणारा हा माणूस एकोणीस वर्षांनंतरही पंढरपूर सोडून देऊ शकला नव्हता. श्रद्धा सोडता येते. ज्या दाराने आपल्याला घडवले, ते सहज सोडता येत नाही.

२३)
आता सुरुवातीचा प्रश्न. अनुभवाने श्रद्धा घडते का? घडते, पण तो एकटा ते काम करत नाही. या दाराने मला तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, देवाकडून तुमची अपेक्षा काय होती. चोखोबांना जवळीक हवी होती, ती दाराबाहेरही मिळत होती. बाबासाहेबांना धर्मात समता हवी होती, ती दारातच नाकारली जात होती. साने गुरुजींना संतांचे वचन खरे झालेले पाहायचे होते. दार सर्वांसाठी तेच होते, पण प्रत्येकाची मोडलेली गोष्ट वेगळी होती. काहींची तर मोडलीच नव्हती.

२४)
दुसरी गोष्ट, त्या क्षणी सोबत कोण होते. चोखोबांना नामदेव होते. मसूरच्या गाडीत मुलांना कोणी नव्हते. तिसरी, तुमच्यापुढे मार्ग कोणते होते. कर्ममेळ्याचा संताप अभंगात संपला, कारण त्याला नेण्यासाठी दुसरी जागा नव्हती. बाबासाहेबांच्या हाती शिक्षण, वृत्तपत्र, सभा आणि संघटना होती, म्हणून संतापाचे रूपांतर एकवीस वर्षांच्या शोधात झाले. आणि हे सर्व जमेस धरूनही काही उरते. बनसोडे आणि आंबेडकर, रमाबाई आणि बाबासाहेब यांच्यातला फरक या तिन्हींनी पूर्ण सुटत नाही. तो उरलेला भाग त्या माणसाचा स्वतःचा निर्णय असतो. इतिहासाने तो त्याच्याकडून काढून घेऊ नये.

२५)
हे आज का सांगायचे? दर आषाढीला आपल्या पडद्यावर तीच भांडणे येतात. कोणी चोखोबांना लाचार म्हणतो, कोणी धर्मांतराला निव्वळ राग ठरवतो, कोणी वारकऱ्याला अडाणी समजतो, कोणी नास्तिकाला अहंकारी. या सगळ्यांत एक समान अपमान आहे : समोरच्याने विचार केला नाही, त्याच्याकडून परिस्थितीने करून घेतले, असे गृहीत धरणे. स्वतःच्या श्रद्धेला आपण विचार म्हणतो आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला परिणाम. त्या दारापाशी थांबलेल्या एकाही माणसाबद्दल हे खरे नाही.

२६)
कधी पंढरपूरला गेलात, श्रद्धेने वा नुसत्या कुतूहलाने, तर महाद्वाराशी थोडे थांबा. नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी यांच्यामध्ये काही पावलांचेच अंतर आहे. कोणी ते अंतर नामाने ओलांडले, कोणी प्रश्नाने, कोणी उपोषणाने, आणि कोणी तिथून वळून नवी वाट काढली. आत जायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. तुमच्या शेजारचा वेगळे ठरवत असेल, तर तो कोणत्या दारावरून आला आहे, एवढे त्याला विचारून पाहा. थ्रेड इथे थांबवतो. तुमच्या गावातल्या अशा एखाद्या दाराची नोंद माहीत असेल, तर खाली जरूर लिहा.